उत्तरापेक्षा उत्तराची वाट : मुलाखतीतील समस्याप्रधान प्रश्नांची पूर्वतयारी

(युवक-युवतींसाठी झालेल्या मार्गदर्शनपर व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी पन्नास वर्षांच्या वाटचालीचे सिंहावलोकन होणे स्वाभाविकच आहे. या पन्नास वर्षांत समाजाच्या घराघरांत एक बदल हळूहळू, परंतु निश्चितपणे घडून आला. पूर्वी मुलगा दहावी-बारावी झाला की वडिलांच्या शेजारी गादीवर बसे. गुलमंडी, शहागंज, सराफा किंवा मोंढा हीच त्याची शाळा आणि तेच त्याचे भवितव्य. आज त्याच घरातील मुलगा अभियंता होतो, मुलगी सनदी लेखापाल किंवा संगणकतज्ज्ञ होते, आणि दोघेही नोकरीसाठी एखाद्या अनोळखी दालनाच्या दाराशी फाईल घेऊन उभे राहतात. आजोबांना आणि वडिलांना गिऱ्हाइकाची पारख होती; परंतु मुलाखत देण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. त्यामुळे त्या दाराशी उभ्या असलेल्या मुलाला घरातून मिळणारी शिदोरी बहुधा ‘घाबरू नकोस, नीट बोल’ एवढ्यापुरतीच मर्यादित राहते.

आत गेल्यावर काय घडते, याची कल्पना करून पाहावी. नाव, गाव, शिक्षण यांची विचारपूस होते. विषयातील दोन-चार प्रश्न होतात, त्यांची उत्तरे मुलगा व्यवस्थित देतो. मग समोरची व्यक्ती सहज विचारते, ‘तुमच्या शहराला रोज किती पाणी लागत असेल?’ हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. मुलगा छताकडे पाहतो, अर्धा मिनिट गप्प राहतो आणि शेवटी म्हणतो, ‘सर, माहीत नाही.’ मुलाखत तेथेच संपते. घरी आल्यावर तो सांगतो, ‘काहीतरी भलतेच विचारले.’ घरातील मंडळी नशिबाला, नाहीतर वशिल्याला दोष देऊन मोकळी होतात. उत्तम गुण मिळविलेला मुलगा दोन-तीन मुलाखतींनंतर स्वतःच्या बुद्धीविषयीच शंका घेऊ लागतो, आणि हे नुकसान एका नोकरीच्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठे असते.

वास्तविक त्या प्रश्नाचे अचूक उत्तर त्या मुलाला ठाऊक असावे, अशी अपेक्षाच नव्हती. अपेक्षा होती ती उत्तरापर्यंत जाण्याची वाट त्याने मोठ्याने चालून दाखविण्याची. समस्याप्रधान प्रश्नांच्या तयारीचे सारे मर्म या एका वाक्यात आहे. ही तयारी करता येते, आणि तिची साधने आपल्याच शहरात व आपल्याच घरात उपलब्ध आहेत, हे दाखविणे हाच या विवेचनाचा हेतू आहे.

या प्रश्नांचा पूर्वेतिहास

उमेदवारांना चमत्कारिक प्रश्न विचारण्याची प्रथा नवी नाही. थोर संशोधक थॉमस एडिसन यांनी १९२१ च्या सुमारास आपल्याकडे नोकरी मागण्यास येणाऱ्यांसाठी सामान्य ज्ञानाच्या सुमारे दीडशे प्रश्नांची एक यादी तयार केली होती. तिची वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. त्याच वर्षी अल्बर्ट आईनस्टाईन अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांनाही ध्वनीचा वेग विचारण्यात आला. पुस्तकात सहज सापडणारी माहिती आपण डोक्यात बाळगत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. माहिती महत्त्वाची की विचार महत्त्वाचा, हा वाद शंभर वर्षांपूर्वीच असा उभा राहिला होता.

पुढे संगणक क्षेत्रातील बड्या कंपन्यांनी कोडी विचारण्याचा प्रघात पाडला. रस्त्यावरील गटाराचे झाकण गोलच का असते, एखाद्या विमानात चेंडू किती मावतील, असे प्रश्न त्या काळात प्रसिद्ध झाले. परंतु गुगल कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लाझलो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे मान्य केले की, अशा कोड्यांवरून उमेदवार पुढे कसे काम करील याचा काहीही अंदाज येत नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या संशोधकांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. सर्वांना ठरावीक प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणारी मुलाखत ही मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते, असे त्यांना आढळले. पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये याच विषयाची फेरतपासणी केली, तेव्हाही अशी आखीव मुलाखतच निवडीच्या पद्धतींमध्ये अग्रभागी राहिली.

उमेदवाराच्या दृष्टीने याचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. आखीव मुलाखतीत समोरच्या व्यक्तीच्या हातात अनेकदा एक कागद असतो. प्रश्न समजून घेतला का, त्याचे भाग पाडले का, गृहीतके सांगितली का, उत्तर तपासले का, अशा मुद्द्यांपुढे तेथे गुण मांडले जातात. मनातल्या मनात उत्तम विचार करून केवळ अंतिम आकडा सांगणाऱ्यास त्या कागदावर फारसे काही मिळत नाही. दिसला तेवढाच विचार मोजला जातो.

आपल्याच शहरातील एक उदाहरण

अशा तयारीसाठी पुण्या-मुंबईकडेच पाहावे लागते, हा आपला समज आहे. छत्रपती संभाजीनगर शहरात, त्याचे नाव औरंगाबाद असताना, १९७७ मध्ये महाराष्ट्र शासनाने सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था स्थापन केली. ‘एसपीआय’ या नावाने ती सर्वपरिचित आहे. सैन्यदलाच्या अधिकारीवर्गात महाराष्ट्रातील तरुणांचे प्रमाण वाढावे, हा तिचा उद्देश. दहावीनंतर निवडलेली मुले येथे दोन वर्षे राहतात, अकरावी-बारावी करतात आणि त्याच वेळी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेची व त्यानंतरच्या सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीची तयारी करतात.

सेवा निवड मंडळाची ही निवड म्हणजे समस्याप्रधान प्रश्नांचा परिपूर्ण नमुना होय. प्रबोधिनीच्या परीक्षेत लेखी भागाला ९०० गुण आणि निवड मंडळालाही ९०० गुण, म्हणजे निम्मे भवितव्य येथे ठरते. ही प्रक्रिया पाच दिवस चालते. एका चाचणीत साठ प्रसंग दिले जातात आणि तीस मिनिटांत प्रत्येकावर आपण काय कराल हे लिहावयाचे असते, म्हणजे एका प्रसंगाला अवघा अर्धा मिनिट. दुसऱ्या एका चाचणीत मेजावर एका प्रदेशाची प्रतिकृती मांडलेली असते. एका गटाची कथा सांगितली जाते. वाटेत एकाच वेळी अनेक संकटे येतात : कोणी जखमी झालेला असतो, कोठे पूल धोक्यात असतो, कोठे चोरीचा सुगावा लागतो. हाताशी माणसे मोजकी, वाहन एखादेच आणि वेळ थोडा. प्रत्येक उमेदवार प्रथम स्वतःची योजना लिहून काढतो. नंतर सर्वांनी चर्चा करून एक समान योजना ठरवावयाची असते.

येथे कोणतेही एकच अचूक उत्तर नसते. परीक्षक पाहतात ते असे की, या मुलाने संकटांचा क्रम कसा लावला, मनुष्याचा जीव प्रथम ठेवला का, माणसे आणि साधने यांचा मेळ घातला का, आणि दुसऱ्याची अधिक चांगली सूचना मोकळ्या मनाने स्वीकारली का. सोळा-सतरा वर्षांची मुले ही रीत सरावाने आत्मसात करू शकतात, तर पदवीधर तरुणांना ती का साधू नये? मुलींसाठीही हा मार्ग आता खुला झाला आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली.

प्रश्नांचे चार प्रकार

बँक असो, वाळूज-शेंद्रा येथील कारखाना असो वा लोकसेवा आयोग असो, समस्याप्रधान प्रश्न साधारणतः चार प्रकारांत मोडतात. प्रत्येकाचे एकेक उदाहरण सोडवून पाहणे उचित होईल.

पहिला प्रकार अंदाजाचा. शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी अशा अंदाजांबद्दल प्रसिद्ध होते. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुस्फोटाच्या चाचणीच्या वेळी त्यांनी कागदाचे कपटे हातातून सोडले. स्फोटाच्या झोताने ते किती दूर गेले यावरून त्यांनी स्फोटाची शक्ती दहा हजार टन टीएनटीइतकी असल्याचा अंदाज केला. प्रत्यक्ष आकडा त्याच्या दुपटीच्या आसपास निघाला. कागदाच्या कपट्यांवरून इतके जवळ पोहोचणे, हेच अंदाजाचे यश.

आता शहराच्या पाण्याचा प्रश्न घेऊ. उमेदवाराने असे म्हणावे : ‘निश्चित आकडा ठाऊक नाही, परंतु अंदाज बांधता येईल. घरगुती वापर तेवढा धरू की उद्योगांसहित?’ घरगुती, असे उत्तर आले असे समजू. ‘२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख होती. त्यानंतरची वाढ लक्षात घेऊन सोळा लाख धरतो. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण सामान्यतः धरतात. सोळा लाख गुणिले १३५ म्हणजे सुमारे साडेएकवीस कोटी लिटर. जलवाहिन्यांतून पंधरा टक्के गळती गृहीत धरली, तर जायकवाडीहून रोज सुमारे पंचवीस कोटी लिटर पाणी उचलावे लागेल.’ एवढ्यावर न थांबता त्याने पडताळा करावा : ‘दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर हे पंचवीस हजार टँकर झाले. सोळा लाखांना पंचवीस हजार टँकर, म्हणजे चौसष्ट माणसांमागे एक. आकडा अवास्तव वाटत नाही.’ सोळा लाखांच्या जागी कोणी अठरा लाख धरले, तरी गुण कमी होण्याचे कारण नाही. गृहीतक उघडपणे सांगितले आहे, ते बदलले तर उत्तर किती बदलेल हे कोणासही दिसते.

दुसरा प्रकार कोड्याचा. कोड्यांचे महत्त्व ओसरले असले तरी ती पूर्णपणे गेलेली नाहीत. सराफ्यातील मुलांना आवडेल असे एक कोडे पाहा. आठ नाणी दिसावयास सारखी आहेत, त्यांतील एक किंचित जड आहे. दोन पारड्यांच्या तराजूने कमीत कमी किती वजनांत ते निश्चित सापडेल? बहुतेक जण चार-चार, मग दोन-दोन, मग एक-एक असे करून ‘तीन वेळा’ म्हणतात. ते चुकीचे नाही, परंतु कमीत कमी नाही. तराजू दोन नव्हे, तीन गोष्टी सांगतो : डावे जड, उजवे जड किंवा समतोल. म्हणून तीन नाणी एका पारड्यात, तीन दुसऱ्यात आणि दोन बाहेर ठेवावीत. एक बाजू खाली गेली तर त्या तिघांतील कोणतीही दोन समोरासमोर ठेवावीत. समतोल राहिला तर बाहेरची दोन तोलावीत. दोन वजनांत काम होते. हे प्रथमच सुचले नाही तरी चालते. ‘तीन वेळांत निश्चित होईल, याहून कमी होते का ते पाहतो, कारण तराजूच्या समतोल स्थितीचा उपयोग अजून केलेला नाही,’ असे म्हणणारा उमेदवार परीक्षकाच्या मनात भरतो. कोडे आधीपासून ठाऊक असेल तर तसे प्रामाणिकपणे सांगावे. नव्याने सुचल्याचा अभिनय अनुभवी नजरेपुढे टिकत नाही.

तिसरा प्रकार बिघाडाचा. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, २००१ मध्ये शेंद्रा येथे स्कोडाचा आला, आणि त्यांच्याभोवती सुट्या भागांचे शेकडो लघुउद्योग उभे राहिले. अशा ठिकाणी अभियंत्याला हमखास विचारले जाते, ‘यंत्र वारंवार बंद पडते, काय कराल?’ जपानच्या टोयोटा कंपनीतील ताईची ओहनो यांनी यासाठी पाच वेळा ‘का?’ विचारण्याची रीत रूढ केली. त्यांनी दिलेले उदाहरण असे : यंत्र का थांबले? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसे वंगण नव्हते. वंगण का नव्हते? पंप ते नीट ओढत नव्हता. का ओढत नव्हता? पंपाचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला होता. पहिल्याच उत्तरावर थांबणारा मनुष्य फ्यूज बदलत राहतो, पाचव्या उत्तरापर्यंत जाणारा गाळणी बसवितो. या उत्तरांत कोठेही ‘कामगाराची चूक’ हे उत्तर नाही, हेही ध्यानात घ्यावे. दोष व्यक्तीवर ढकलून मोकळा होणारा उमेदवार परीक्षकांना नको असतो.

चौथा प्रकार प्रसंगाचा. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात आणि तेथे असे प्रश्न अपेक्षितच असतात. ‘मराठवाड्यातील एका तालुक्यात आपण अधिकारी आहात. ऐन मे महिन्यात टँकरच्या पाण्यावरून दोन वस्त्यांत भांडण पेटले आहे. काय कराल?’ घाईने ‘कडक कारवाई करीन’ म्हणणे किंवा ‘दोघांना समजावीन’ एवढेच म्हणणे, ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. उत्तराचे तीन टप्पे करावेत. आज काय : कोणास इजा होऊ नये याची व्यवस्था आणि दोन्ही वस्त्यांना आजचे पाणी. उद्या काय : टँकरच्या खेपांची नोंद तपासणे, दोन्ही बाजूंचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकणे, वाटपाची वेळ व ठिकाण जाहीर करणे. पुढे काय : विहीर अधिग्रहण, साठवण टाकी, पावसाळ्यापूर्वीची जलसंधारणाची कामे. शेवटी आपल्या अधिकाराची मर्यादा सांगावी : यांतील कोणता निर्णय स्वतः घेता येईल आणि कोणता वरिष्ठांकडे न्यावा लागेल.

याच प्रकारात भूतकाळाविषयीचे प्रश्नही येतात : ‘आपण कधी एखादी अडचण सोडविली आहे का?’ प्रसंग, आपली जबाबदारी, आपली कृती आणि फलित, हा चार पायऱ्यांचा क्रम येथे उपयोगी पडतो. बहुतेक मुले प्रसंगाच्या वर्णनातच सारा वेळ घालवितात आणि ‘आम्ही केले’ असे म्हणतात. परीक्षकास ‘आपण स्वतः काय केले’ हे ऐकावयाचे असते.

चार पायऱ्या आणि एक लेणे

हे चारही प्रकार वरवर भिन्न दिसले, तरी ते सोडविण्याची रीत एकच आहे. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती चार पायऱ्यांत मांडली : प्रश्न समजून घ्या, योजना आखा, योजना अमलात आणा आणि मागे वळून उत्तर तपासा. बहुतेक उमेदवार तिसऱ्या पायरीवरूनच आरंभ करतात आणि चौथीवर पोहोचतच नाहीत.

योजनेचे महत्त्व पटविण्यासाठी आपल्यापासून तीस किलोमीटरच्या आतच एक अजोड साक्षीदार उभा आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळी वेरूळचे कैलास लेणे डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले गेले. बांधकामात चुकलेला दगड काढून दुसरा बसविता येतो, कोरीव कामात निघालेला दगड परत लावता येत नाही. म्हणून छिन्नीचा पहिला घाव घालण्यापूर्वीच शिखर कोठे, मंडप कोठे, नंदी कोठे याचा आराखडा मनात निश्चित असणे भाग होते. मुलाखतीत प्रश्न ऐकल्यावर ‘विचार करण्यास अर्धा मिनिट घेतो’ असे म्हणणे हा कमीपणा नव्हे. आराखड्यासाठी घेतलेला तो वेळ पुढे वाया जात नाही.

प्रत्यक्ष तयारी कशी करावी

रोज अर्धा तास याप्रमाणे सहा आठवडे दिले, तरी पुरेशी तयारी होऊ शकते. तिचा क्रम असा असावा.

एक : आकड्यांची शिदोरी. अंदाजासाठी मोजके आकडे मुखोद्गत असावेत. २०११ च्या जनगणनेनुसार भारताची लोकसंख्या सुमारे १२१ कोटी व महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटी, दिवसाचे ८६,४०० सेकंद, एका हेक्टरचे सुमारे अडीच एकर, माणशी १३५ लिटर पाणी, असे वीस-पंचवीस आकडे पुष्कळ झाले.

दोन : प्रसंगांची वही. आपल्या आयुष्यातील सहा ते आठ खरे प्रसंग लिहून काढावेत. महाविद्यालयातील प्रकल्प, स्नेहसंमेलन, दुकानातील गर्दीचा दिवस, घरातील आजारपण, यांतून पुष्कळ सापडते. त्यांत एक प्रसंग अपयशाचाही असावा आणि त्यातून काय शिकलो हे लिहिलेले असावे.

तीन : मोठ्याने विचार करण्याचा सराव. याच ठिकाणी सर्वांत अधिक मुले कमी पडतात. आपली शिक्षणपद्धती लेखी उत्तराची असल्याने विचार करताना बोलण्याची सवयच नसते. रोज एक प्रश्न घेऊन तो दोन-तीन मिनिटे बोलत सोडवावा, मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावा आणि ऐकावा. पहिल्या आठवड्यात स्वतःचेच बोलणे ऐकवत नाही, तिसऱ्या आठवड्यात त्यात क्रम दिसू लागतो.

चार : उपप्रश्नांचा सराव. आज कोणत्याही प्रश्नाचे तयार उत्तर मोबाईलवर क्षणार्धात मिळते. म्हणूनच परीक्षक लगेच विचारतात, ‘लोकसंख्या निम्मी असती तर? टँकरच उपलब्ध नसते तर?’ पाठ केलेले उत्तर येथे कोलमडते, समजून दिलेले उत्तर वळते पण मोडत नाही. सराव करताना प्रत्येक प्रश्नातील एक अट बदलून तो पुन्हा सोडवावा.

पाच : जेथे जावयाचे तेथील अभ्यास. ती संस्था काय बनविते, कोणास विकते, तिच्यापुढे कोणत्या अडचणी असू शकतील, याचा विचार आधी केलेला असावा. बरेचसे प्रसंगप्रश्न तेथूनच निघतात.

भाषेविषयीही एक शब्द सांगणे अगत्याचे आहे. मराठी माध्यमातील अनेक मुले विचारात नव्हे, तर इंग्रजीच्या भीतीने अडतात. नागरी सेवा परीक्षेत मराठीतून मुख्य परीक्षा देणाऱ्यास मुलाखतही मराठीतून देता येते. खासगी कंपन्यांत बहुधा इंग्रजी लागते. परंतु तेथेही ‘प्रथम हे गृहीत धरतो’, ‘आता याचे दोन भाग करतो’, ‘उत्तर तपासून पाहतो’ अशा अर्थाची दहा-बारा छोटी वाक्ये जिभेवर रुळलेली असली की पुरे होते. लहान, सरळ वाक्य कोठेही शोभते. मातृभाषेत स्पष्ट विचार करणाऱ्यास परभाषेत तो मांडणे सरावाने साधते. मुळात विचारच अस्पष्ट असेल, तर उत्तम इंग्रजीही त्याला सावरू शकत नाही.

दुकान हीच पाठशाळा

आता ज्येष्ठांकडे वळणे आवश्यक आहे. मोंढ्यातील व्यापारी पोत्यातून मूठभर तूर तळहातावर घेतो आणि ओलावा, काडीकचरा, दाण्याचा आकार पाहून क्षणात भाव बोलतो. कापडाचा व्यापारी दिवाळीपूर्वी दोन महिने अगोदर किती माल भरावा हे ठरवितो. पाऊस कसा झाला, कापसाला भाव काय मिळाला, लग्नतिथी किती आहेत, गेल्या वर्षी काय उरले, एवढ्या गोष्टी तो मनातल्या मनात तोलतो. गृहिणी दोनशे पानांच्या पंगतीचा शिधा काढते आणि तो शेरभरही चुकत नाही. मुलाखतीत जे विचारले जाते ते याहून वेगळे काय आहे? फरक इतकाच की, हे सारे मनात घडते आणि मुलाला केवळ निर्णय ऐकू येतो, त्यामागची वाट दिसत नाही.

म्हणून ज्येष्ठांना नम्र विनंती आहे की, निर्णय सांगण्यापूर्वी मुलांना विचारावे : ‘या दिवाळीला किती माल भरावा असे तुला वाटते, आणि का?’ त्याचे उत्तर चुकले तरी मध्येच तोडू नये. पूर्ण ऐकून घ्यावे आणि मग स्वतः कसा विचार केला ते सांगावे. मुलींनाही हाच प्रश्न तितक्याच गांभीर्याने विचारावा. घरातील व्यवहाराच्या चर्चेतून ज्या मुलीला वगळले जाते, तिच्याकडून मुलाखतीच्या दालनात आत्मविश्वासाने बोलण्याची अपेक्षा ठेवणे न्याय्य नाही.

समाजानेही यासाठी फार मोठा खर्च करण्याची गरज नाही. एक सभागृह, आठवड्यातून एक सकाळ, समोर तीन खुर्च्या आणि त्यांवर एखादे निवृत्त बँक अधिकारी, एखादे उद्योजक व एखाद्या प्राध्यापिका एवढे मिळाले की सराव-मुलाखत सुरू होऊ शकते. नियम दोनच असावेत. पहिला, उमेदवाराचे बोलणे पूर्ण होईपर्यंत कोणी दुरुस्ती करू नये. दुसरा, शेवटी उत्तर बरोबर की चूक हे सांगण्यापूर्वी त्याच्या विचाराची कोणती पायरी दिसली आणि कोणती दिसली नाही, हे सांगावे. परक्या दालनात प्रथमच अडखळण्यापेक्षा आपल्या माणसांसमोर दहा वेळा अडखळलेले बरे.

मुलाखतीत प्रत्येक वेळी निवड होईलच, असे आश्वासन कोणतीही तयारी देऊ शकत नाही. जागा एक आणि उमेदवार अनेक असतात. परंतु ‘माहीत नाही’ म्हणून गप्प बसणे आणि ‘नक्की ठाऊक नाही, पण असा विचार करून पाहतो’ म्हणून पुढे जाणे, या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्या वाक्याने उमेदवार दार स्वतःच लावून घेतो, दुसऱ्या वाक्याने तो ते उघडे ठेवतो. नोकरी मिळो वा न मिळो, ही सवय पुढे संसारात, व्यवसायात आणि समाजकार्यातही उपयोगी पडते, कारण आयुष्य जे प्रश्न विचारते त्यांची उत्तरेही कोणत्याच पुस्तकाच्या शेवटी छापलेली नसतात.

ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत या सभागृहातून असे निर्भय आणि विचारी युवक-युवती घडोत, ही सदिच्छा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण होत आहे.